त्याआधी काय वाचलंय?

वैचारिक वाचनाला बुद्धी लागते, सवड लागते, बऱ्यापैकी उजेड लागतो, असं सगळे सांगतात. त्याला परवानगीही लागते, हे मात्र कोणी सांगत नाही. कादंबरी वाचणाऱ्याला कोणी अडवत नाही. राशिभविष्य वाचणाऱ्याला तर लोक "जरा आमचंही बघा" म्हणून खुर्ची देतात. पण तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, विचारांचा इतिहास असलं काही तुमच्या हातात दिसलं, की आसपासचा एक तरी माणूस चष्मा कपाळावर सरकवतो आणि विचारतो, "चांगलं आहे. पण त्याआधी काय वाचलंय?"

या प्रश्नाचं बरोबर उत्तर आजवर कोणालाही देता आलेलं नाही. जे वाचलंय ते सांगावं, तर त्याच्याही आधीचं काहीतरी निघतं.

मुळात मी या भानगडीत स्वखुशीनं पडलो नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मला तिच्यात ढकलण्यात आलं. विषय पार्किंगचा होता. माझी स्कूटर जिन्याखाली उभी असते. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला तिथे सायकल लावायची होती. मी म्हटलं, "ती जागा पहिल्यापासून माझी आहे." मुलगा राज्यशास्त्रात एम.ए. करतो. आवाज अजिबात न चढवता तो म्हणाला, "काका, ही टिपिकल बूर्झ्वा मानसिकता आहे."

सभा चिडीचूप झाली. खजिनदारांनी घाईघाईनं माझी थकबाकी तपासली. अध्यक्ष म्हणाले, "वैयक्तिक शिवीगाळ नको." आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या सेक्रेटरींनी मान वर न करता विचारलं, "बूर्झ्वातला बू ऱ्हस्व की दीर्घ?"

दीर्घ ठरला. अर्थ कोणीच विचारला नाही. ज्याच्या फ्लॅटचे हप्ते अजून चालू आहेत, ज्यानं मुलीच्या फीसाठी मुदत ठेव मोडली आहे, अशा माणसाला कोणी भांडवलदार म्हणत असेल, तर खऱ्या भांडवलदारांनी अब्रुनुकसानीचा दावा लावायला हवा. मी घरी येऊन जाहीर केलं, "आता मुळातूनच वाचतो. मार्क्स!"

बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा ती स्कूटर विका."

हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर मला 'कॅपिटल'चा पहिला खंड मिळाला. मूळ जर्मन पुस्तक १८६७ चं, माझ्या हाती आलं ते इंग्रजी भाषांतर. पुस्तकवाल्यानं ते उजव्या हातावर तोललं, डाव्या हातावर तोललं आणि किंमत सांगितली. मी घासाघीस केली. शेवटी तो म्हणाला, "साहेब, दुसरा-तिसरा खंड पण घेऊन जा. पैसे नका देऊ. माझी जागा तरी मोकळी होईल." मार्क्स १८८३ मध्ये गेला. त्याच्या दुर्बोध हस्ताक्षराशी झगडत एंगल्सनं दुसरा खंड १८८५ मध्ये आणि तिसरा १८९४ मध्ये काढला. मित्रासाठी त्या माणसानं डोळे फोडून घेतले आणि त्याची ही किंमत! मी मनातल्या मनात एंगल्सची माफी मागितली आणि पहिलाच खंड घेऊन स्टेशन गाठलं.

डोंबिवली लोकलमध्ये पुस्तक उघडलं, तसं शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "एमपीएससी?"

"नाही."

"मग डिपार्टमेंटल?"

"नाही हो. असंच."

"असंच?" त्यांनी पुस्तकाची जाडी पाहिली, माझे पांढरे केस पाहिले आणि ते खिडकीकडे सरकले. डोंबिवली लोकलमध्ये चौथ्या सीटवरच्या माणसाला कोणी आपण होऊन जागा करून दिल्याची ही पहिलीच नोंद असावी.

पहिल्या प्रकरणात मार्क्स सांगतो की वीस वार लिनन बरोबर एक कोट. इथवर माझी काही हरकत नव्हती. पण मग तो हेच समीकरण उलटं करतो, मग त्यात चहा घालतो, कॉफी घालतो, लोखंड घालतो, आणि पानं उलटत गेली तरी आपण त्या कापडाच्या तागातच गुंडाळलेले. बायकोनं खांद्यावरून डोकावून पाहिलं. "कोट, लिनन, वार... शिवणक्लासचं आहे का?" मी म्हटलं, "हे मूल्याचं रूप आहे." ती म्हणाली, "अस्तराचं कापड धरलंय का त्यात?" धरलेलं नव्हतं. मी शोधलं.

या कोटावर इतकं लिहिणाऱ्या माणसाचा स्वतःचा कोट मात्र लंडनमधल्या हलाखीच्या दिवसांत गहाण पडलेला असायचा. कोट नाही म्हणून घराबाहेर पडता येत नाही, असं त्यानं १८५२ मध्ये एंगल्सला कळवलं होतं. वर पुस्तक लिहिताना अंगभर करटं झाली. या करटांची बूर्झ्वा मंडळींना जन्मभर आठवण राहील, अशी त्याला आशा होती. त्याची आशा फळाला आली. मला ती करटं न बघता आठवत होती.

पहिलं प्रकरण सुटेना, तेव्हा मी तळमजल्यावरच्या अण्णांकडे गेलो. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या घराला भिंती आहेत की नाहीत हे पुस्तकांमुळे कळत नाही. अण्णांना वाचताना कोणी पाहिलेलं नाही; त्यांचं नेहमी नुकतंच वाचून झालेलं असतं.

"अण्णा, मार्क्सचं पहिलं प्रकरण काही कळत नाही."

अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी आत चहा टाकायला सांगितलं. "कळणारच नाही! हेगेल वाचलायस?"

"नाही."

"मग? अरे, लेनिन काय म्हणून गेलाय?"

लेनिन काय म्हणून गेला ते मला नव्हतं माहीत. लेनिन १९१४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये, बर्नच्या वाचनालयात बसून हेगेलचं 'लॉजिक' वाचत होता. वाचता वाचता त्यानं वहीत नोंद केली: हे अख्खं पुस्तक पचवल्याशिवाय 'कॅपिटल', त्यातही पहिलं प्रकरण, समजणं अशक्य, तेव्हा गेल्या अर्धशतकात एकाही मार्क्सवाद्याला मार्क्स समजलेला नाही. म्हणजे क्रांतीला तीन वर्षं उरली असताना क्रांतीच्या पुढाऱ्याला शोध लागला की पक्षाचं मुख्य पुस्तक पक्षात कोणालाच कळलेलं नाही. तरी क्रांती झाली. मला यातून बराच धीर आला. अण्णांना आला नाही.

झारच्या सेन्सॉरची तर सगळी भिस्त या दुर्बोधपणावरच होती. १८७२ मध्ये त्यानं 'कॅपिटल'चं रशियन भाषांतर जाऊ दिलं, ते या हिशोबानं की वाचणारे थोडे आणि समजणारे त्याहून थोडे. हिशोबाचा पहिला भाग साफ चुकला. प्रती भराभर खपल्या. दुसरा भाग, लेनिनच्या नोंदीनुसार, बरोबर होता.

"तेव्हा आधी हेगेल," अण्णा म्हणाले. "पण एकदम 'लॉजिक' नको घेऊस हां. त्याच्या आधीची 'फिनॉमिनॉलॉजी' घे."

वाचनालयातल्या बाईंनी हेगेल शोधायला शिडी मागवली. पुस्तकाच्या मागच्या तारखांच्या कागदावर शेवटचा शिक्का १९८८ चा होता आणि त्याखाली कोणीतरी पेन्सिलीनं 'देव तुमचं भलं करो' असं लिहिलं होतं. बाईंनी माझं कार्ड दोनदा पाहिलं. "सात दिवसांत परत करायचं बरं का. नाहीतर दंड." कादंबरीलाही सात दिवस, हेगेललाही सात दिवस. समता म्हणतात ती अशी.

हेगेलनं हे पुस्तक येना शहरात संपवलं ते १८०६ च्या ऑक्टोबरात, नेपोलियनची फौज शहरात शिरत असताना. तोफा धडाडत असताना हा माणूस शेवटची पानं वाचवायला धडपडत होता. एवढ्या घाईत लिहिलेलं पुस्तक इतकं सावकाश कसं चालतं, हे कोडं मला उलगडलं नाही. एका वाक्यात मी सोमवारी शिरलो. मंगळवारी क्रियापद दिसलं. बुधवारी ते कोणाचं यावर विचार केला. कवी हाइने एक गोष्ट सांगतो: मरताना हेगेल म्हणाला की मी एकालाच समजलो, आणि थोड्या वेळानं चिडून म्हणाला की त्यालाही नाही. हाइनेची जीभ तिखट होती, तेव्हा गोष्टीचं खरंखोटं त्याच्यापाशी. पण दंड भरून पुस्तक परत करताना मी ती बाईंना सांगितली. बाई म्हणाल्या, "मग १९८८ चे ते कोण?"

त्याच फळीवर, हेगेलला खेटून, शोपेनहॉवर होता. वाचनालयांना माणसांची भांडणं माहीत नसतात. १८२० मध्ये बर्लिनच्या विद्यापीठात शोपेनहॉवरनं मुद्दाम हेगेलच्याच वेळेवर आपलं व्याख्यान लावलं. हेगेलच्या वर्गात गर्दी मावेना आणि याच्याकडे हातावर मोजण्याइतकी मुलं. पुढे तो फ्रँकफर्टला राहिला, कुत्र्याचं नाव 'आत्मा' ठेवलं आणि जन्मभर हेगेलला शिव्या दिल्या. आमच्या वाचनालयात मात्र दोघांवर सारखीच धूळ होती.

मी शोपेनहॉवर उचलला, कारण ऑफिसातले एक साहेब म्हणाले होते, "हा सोपा आहे. स्वच्छ लिहितो." स्वच्छ लिहितो हे खरं. इतकं स्वच्छ की प्रस्तावनेतच अटी घातल्या आहेत. हे पुस्तक दोनदा वाचा. त्याआधी माझा १८१३ चा प्रबंध वाचा. कांट तर वाचलेला असायलाच हवा. प्लेटो वाचला असेल तर उत्तम. आणि उपनिषदं वाचली असतील तर तुमच्यासारखा वाचक नाही. हे सगळं सांगून झाल्यावर त्याला दया येते. एवढे पैसे मोजून पुस्तक घेतलं आणि आता हा माणूस वाचू देत नाही, म्हणून वैतागलेल्या वाचकाला तो सुचवतो की कपाटातली रिकामी जागा भरायला पुस्तक वापरा, एखाद्या विदुषी मैत्रिणीच्या टेबलावर ठेवून द्या, नाहीतर सगळ्यात बरं म्हणजे त्याचं परीक्षण लिहा.

दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आपल्याकडची ग्रंथपरीक्षणं इतकी नेमकी कशी दिसली असतील?

आमच्या घरानं यात एका उपयोगाची भर घातली. आईच्या पापडाच्या डब्याचं झाकण नीट बसत नाही. तिला कोणत्याही पुस्तकाचं वजन पानावर न जाता कळतं. शोपेनहॉवर तिनं उचलून पाहिला आणि खाली ठेवला. मग मी कांट आणला. "हा बसेल," ती म्हणाली.

कांटचं 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' १७८१ मध्ये आलं. बारा वर्षं विचार केला आणि चार-पाच महिन्यांत घाईघाईनं लिहून काढलं, असं कांटनंच कळवलं होतं. मजकुराकडे लक्ष दिलं, वाचणाऱ्याच्या सोयीकडे द्यायला सवड झाली नाही. वाचणाऱ्यांनाही झाली नाही. मोझेस मेंडल्सझोन हा त्या काळचा नावाजलेला तत्त्वज्ञ. नसा आटवून टाकणारं पुस्तक आहे म्हणून त्यानं ते बाजूला ठेवलं. परीक्षण आलं तेही गोंधळलेलं. शेवटी कांटनं चिडून १७८३ मध्ये त्याच पुस्तकाचा लहान अवतार काढला. म्हणजे मूळ पुस्तकाचं गाईड मूळ लेखकानंच लिहिलं, तेही दोन वर्षांत. आमच्या वेळी बोर्डाचं पुस्तक यायच्या आधी गाईड यायचं, एवढाच फरक.

हाच तो कांट, ज्याच्या फिरायला जाण्यावर क्योनिग्सबर्गचे लोक घड्याळं लावायचे. फक्त रूसोचं 'एमिल' हातात आलं तेव्हा त्याचं फिरणं चुकलं असं सांगतात. ही हकिकत मी घरी मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवली. बायको म्हणाली, "त्याचं फिरणं एकदाच चुकलं. तुमचं कधी सुरू होणार?"

मी अण्णांना गाठलं. "अण्णा, कांट उघडलाय."

"ह्यूमशिवाय?" अण्णांचा कप अर्ध्यावर थांबला. "ह्यूमनं तर कांटला झोपेतून जागं केलं. कांटच म्हणतो!"

ह्यूमनं कांटची मोडलेली ती झोप पुढे कुठे गेली, ते मला कांट वाचताना समजलं. लोकलमध्ये माझी मान ज्यांच्या खांद्यावर पडायची त्यांनी नंतर डबाच बदलला. पण ह्यूमच्या चौकशीत एक घबाड हाती लागलं. ह्यूमचं पहिलं जाडजूड पुस्तक १७३९-४० मध्ये आलं आणि कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा त्यानं १७४८ मध्ये आटोपशीर पुस्तक काढलं. कांटच्या हाती मुख्यतः आलं ते हे लहान पुस्तक, तेही जर्मन भाषांतरात. म्हणजे मूळ जाडं पुस्तक सगळं न वाचता, संक्षिप्त आवृत्तीवर, भाषांतरावर भागवून माणूस कांट होऊ शकतो! मी धावत तळमजल्यावर गेलो.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कांटचं चालून गेलं," ते म्हणाले. "तुझं चालणार नाही. आणि ह्यूम वाचायचा तर आधी लॉक, देकार्त..."

देकार्तचं मला फार वाईट वाटतं. दुपारपर्यंत अंथरुणात लोळत विचार करणारा हा आपल्यातला माणूस. स्वीडनच्या राणी क्रिस्तिनानं त्याला ऐन थंडीत पहाटे पाचला शिकवणीला बोलावलं आणि १६५० च्या फेब्रुवारीत तो न्यूमोनियानं गेला. ज्यांना पहाटे उठून वाचायचा सल्ला मिळतो, त्यांनी ही तारीख पाठ करून ठेवावी.

देकार्तच्या मागे अण्णांनी ॲरिस्टॉटल लावला. तिथे मला अखेर माझा माणूस भेटला. इब्न सीना, जन्म इ.स. ९८०, वैद्यकात पंडित, तर्कात पंडित. ॲरिस्टॉटलचं 'मेटाफिजिक्स' त्यानं चाळीस वेळा वाचलं, पाठ झालं, कळलं मात्र काही नाही. हे त्यानं स्वतःच आत्मचरित्रात सांगितलंय. एक दिवस बाजारात एक विक्रेता मागेच लागला: घ्या हो, स्वस्त आहे, मालकाला पैशांची नड आहे. नको नको म्हणत तीन दिरहमला घेतलं. निघालं अल फाराबीचं, ॲरिस्टॉटलच्या त्याच ग्रंथाचा उद्देश समजावणारं पुस्तक. घरी जाऊन वाचलं आणि सगळं लख्ख उमगलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गरिबांना दानधर्म केला.

फुटपाथवर घेतलेल्या गाईडवर पास होणाऱ्यांचा हा मूळपुरुष. आपल्या गावोगावच्या क्लासेसमध्ये याची तसबीर का नाही, हेच मला समजत नाही.

ॲरिस्टॉटलच्या आधी प्लेटो, प्लेटोच्या आधी सॉक्रेटिस. इथे मला सुटल्यासारखं वाटलं. सॉक्रेटिसनं एक ओळही लिहिलेली नाही. बाजारात उभं राहून लोकांना प्रश्न विचारले आणि इ.स.पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या लोकांनी त्याला विष दिलं. सतत प्रश्न विचारणाऱ्याला शेजारीपाजारी किती सहन करतील याला मर्यादा असते. अण्णांच्या बाबतीत सोसायटीनं खूपच संयम दाखवला आहे.

"अण्णा, मुक्कामाला पोचलो," मी सांगितलं. "सॉक्रेटिसनं काही लिहिलंच नाही. आता याच्या आधी वाचायला काही नाही."

"अरे, मग थेलीस? हेराक्लिटस?"

"अण्णा, त्यांची पुस्तकं शिल्लक नाहीत. कोणी कोणी दिलेले उतारे तेवढे आहेत. हरवली सगळी."

अण्णांनी दीर्घ श्वास घेतला. "तीच तर मुख्य होती."

त्या दिवशी मी ठरवलं की परदेशात फिरणं पुरे, घरचं वाचावं. शोपेनहॉवरनं तरी शेवटी काय केलं? आपलीच उपनिषदं वाचली, तीही फार वळसे घेऊन. दारा शुकोहनं १६५७ मध्ये काशीच्या पंडितांच्या मदतीनं पन्नास उपनिषदं फार्सीत नेली. त्या फार्सीवरून एका फ्रेंच माणसानं, आंकतिल-द्युपेराँनं, १८०१-०२ मध्ये ती लॅटिनमध्ये छापली. ते लॅटिन पुस्तक शोपेनहॉवरनं उशाशी घेतलं. मला वळसे नको होते. माळ्यावर वडिलांचं 'गीतारहस्य' होतं, खाकी कव्हर घातलेलं, आत एसटीचं तिकीट खुणेला.

आई खूश झाली. "हे कसं! हे वाच." अण्णासुद्धा क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीनं लिहिलं. शेकडो पुस्तकं होती जवळ. जर्मन शिकले, फ्रेंच शिकले, पाली शिकले. तुला फक्त नऊच्या बातम्या बंद करायच्यात."

बातम्या बंद केल्या. पाय धुतले. पुस्तकाला नमस्कार करून मध्यावर उघडलं. तिथे कांट होता.

मी चार पानं पुढे गेलो. मिल होता. मागे आलो. स्पेन्सर, ग्रीन, काँत. जिथे जावं तिथे सगळी मंडळी हजर! क्योनिग्सबर्ग सोडून कांट जन्मात कधी लांब गेला नाही असं म्हणतात. मंडालेपर्यंत मात्र तो व्यवस्थित पोचला होता आणि तिथून १९१५ मध्ये पुस्तकात बसून पुण्याला, आणि आता आमच्या माळ्यावरून खाली आला होता. आईनं विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "यासाठी आधी कांट वाचायला हवा." ती उठली, डब्यावरचा कांट आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "पापड नरम पडले तर मला बोलायचं नाही."

सुटका झाली ती मुलीमुळे. तिनं कॉलेजच्या लायब्ररीतून मार्क्सच्या पत्रांचा खंड आणला होता. "बाबा, तू उगाच राबलास रे," असं म्हणत तिनं एक पत्र उघडलं. तारीख ३० नोव्हेंबर १८६७. 'कॅपिटल' छापून दोन-अडीच महिने झालेले. हॅनोव्हरच्या डॉक्टर कुगेलमान या मित्राला मार्क्स लिहितो की तुझ्या पत्नीला सांग, कामाच्या दिवसावरचं प्रकरण, सहकार्य, श्रमविभागणी आणि यंत्रांचा भाग, आणि शेवटचा आदिम भांडवलसंचयाचा भाग आधी वाच. अडलेले शब्द तू समजावून दे.

म्हणजे मधूनच सुरू करायला लेखकाची हरकत नव्हती! लिनन नाही, कोट नाही, हेगेल नाही. फक्त नवऱ्यानं शब्द समजावून द्यायचे. आमच्याकडे हे काम मुलीनं घेतलं.

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये मी दहावं प्रकरण उघडलं. काय प्रकरण आहे! कारखाने तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकांचे अहवाल त्यानं ढिगानं उपसले आहेत. गिरणीमालक जेवणाच्या सुट्टीतली पाच मिनिटं कापतात, सकाळी पाच मिनिटं आधी चाक फिरवतात. रोजची पाच मिनिटं म्हणजे वर्षाला अडीच दिवसांचं उत्पादन, असा हिशोब. मी पुस्तकावरून मान वर केली. निघताना साहेब रोज म्हणतात, "पाच मिनिटं थांब, एवढं एक पत्र." मी माझ्या नोकरीच्या वर्षांना अडीचनं गुणायला घेतलं आणि मुंब्र्याच्या आत सोडून दिलं, रक्तदाबाची गोळी घरी होती.

पुढे लंडनच्या पाववाल्यांची रात्रपाळी आली. पावात सापडलेल्या वस्तूंची यादी आहे: घाम, कोळिष्टकं, मेलेली झुरळं, तुरटी, वाळू. माझ्या डाव्या हातात वडापाव होता. शेजारचा तरुण माझ्याबरोबरच वाचत होता हे मला तेव्हा कळलं, कारण त्याच्याही हातात वडापाव होता आणि दोघांचेही घास एकाच ओळीवर थांबले. मी पान उलटायला गेलो. तो म्हणाला, "काका, थांबा ना. झुरळाच्या पुढचं राहिलंय."

त्यानं पुढचा-मागचा एकही प्रश्न विचारला नाही. हेगेलचं नाव काढलं नाही. डोंबिवली आली तेव्हा आम्ही दोघं रेल्वेच्या कामगारांपाशी होतो. उतरताना तो म्हणाला, "उद्या हाच डबा ना?" मी हो म्हटलं. वडापाव दोघांनीही संपवला होता. एकशे साठ वर्षांपूर्वीच्या झुरळासाठी आजचा वडापाव टाकण्याइतके आम्ही तत्त्ववादी नव्हतो.

घरी जाण्याआधी मी तळमजल्यावर थांबलो. अण्णांसमोर पत्रांचा खंड उघडून धरला, तारखेवर बोट ठेवलं.

"अण्णा, हे बघा. प्रत्यक्ष मार्क्सनं सांगितलंय, मधून वाचा म्हणून."

अण्णांनी पत्र वाचलं. चष्मा कपाळावर सरकवला, परत डोळ्यांवर आणला, पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता बोलणार नाहीत.

"मार्क्सचं काय ऐकतोस?" अण्णा म्हणाले. "मी काही मार्क्सवादी नाही, असं तो स्वतःच म्हणायचा. एंगल्सनं लिहून ठेवलंय. पण ते तुला कसं माहीत असणार? एंगल्स तर तू फुटपाथवरच सोडून आलास."